प्रोग्रामिंगचं पहिलं पुस्तक: लूपचं प्रकरण उघडून बघा

वीस क्विंटल धान भरडलं तर तांदूळ किती निघेल, हे गोंदियातल्या कुठल्याही राईस मिलवर विचारा. सरकारी भरडाईचा हिशेब क्विंटलमागे ६७ किलोंचा, उकड्या तांदळाला ६८ चा. म्हणजे साधा तांदूळ १,३४० किलो. आता हाच हिशेब सी भाषेत लिहा: ४० किलोंचे ५० कट्टे, गुणिले ६७, भागिले १००. तो टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरवर चालवला तर उत्तर येतं २९. वीस क्विंटल धानाचा २९ किलो तांदूळ! सूत्र बरोबर आहे, टायपिंगही बरोबर आहे. पण टर्बो सी डॉसच्या जमान्यातलं. त्यात साध्या पूर्णांकाला दोनच बाइट जागा मिळते आणि ३२,७६७ च्या वरचा आकडा तिथे मावत नाही. मधला गुणाकार १,३४,००० वर जातो, वरचा भाग गळून पडतो आणि उरलेल्या २,९२८ ला शंभराने भाग जातो. आजच्या जीसीसी कंपायलरवर तोच प्रोग्राम मुकाट्याने १,३४० दाखवतो.

टर्बो सी त्याच्या काळात उत्तमच होतं. अडचण एवढीच की त्याच्यावर बेतलेली पुस्तकं अजून दुकानात, कॉलेजच्या लायब्ररीत आणि इंजिनिअर झालेल्या चुलतभावाच्या पेटीत आहेत. जून-जुलैत अ‍ॅडमिशन झालं की तिरोड्याचा किंवा आमगावचा मुलगा तीच पेटी उघडतो. पुस्तकात एक दिसतं, स्क्रीनवर दुसरंच येतं. मग पंधरवडाभर डोकेफोड करून तो "आपल्याला हे जमण्यातलं नाही" असं ठरवून मोकळा होतो. म्हणून पहिलं पुस्तक घेताना लेखकाचं नाव, जाडी, किंमत हे सगळं नंतर बघा. त्यातला प्रोग्राम तुमच्याजवळ असलेल्या मशीनवर आज, जसाच्या तसा चालेल का, हे आधी बघा.

हे ओळखणं अवघड नाही. सुरुवातीच्या पानांत जो पहिला पूर्ण प्रोग्राम असेल तो नीट पाहा. सीच्या पुस्तकात सर्वात वर 'कोनिओ डॉट एच' असेल, मध्ये स्क्रीन पुसायची 'सीएलआर-एससीआर' ही ओळ असेल आणि शेवटी 'गेट-सीएच' असेल, तर ते डॉसच्या काळातलं पुस्तक. सोबत 'व्हॉइड मेन' असेल तर शंकाच नको. पायथनच्या पुस्तकात 'प्रिंट' या शब्दानंतर कंस नसेल तर ते पायथन २ चं. ती आवृत्ती १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे बंद झाली. जावाच्या पुस्तकात अ‍ॅपलेटवर लांबलचक प्रकरणं असतील, किंवा वेबच्या पुस्तकात अक्षरांचा रंग बदलायला 'फॉन्ट' टॅग शिकवला असेल, तर पुस्तक आदराने परत ठेवून द्या. आतल्या पानावरची सालंही जपून वाचा. २०२३ चं पुनर्मुद्रण म्हणजे २०२३ ची आवृत्ती नव्हे. आतला मजकूर पंधरा वर्षांपूर्वीचा असू शकतो. आवृत्ती कधीची, ते बघायचं.

सीचं पुस्तक म्हटलं की आपल्याकडे एक नाव आपसूक पुढे येतं, आणि ते नागपूरचं आहे. यशवंत कानेटकर मुंबईच्या व्हीजेटीआयमधून इंजिनिअर झाले, आयआयटी कानपूरमधून एम.टेक. झाले, आणि त्यांचं 'लेट अस सी' दिल्लीच्या बीपीबी पब्लिकेशन्सने देशभर पोहोचवलं. गोंदियाहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर असलेल्या शहरातल्या माणसाचं हे पुस्तक. केरळपासून आसामपर्यंतच्या होस्टेलांत ते उशाशी असतं, आणि आपल्याच पोरांना लेखक नागपूरचे हे अनेकदा माहीत नसतं. त्यात काय चांगलं आहे, तर वाक्यं छोटी, इंग्रजी बोलल्यासारखं, एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि प्रकरण संपलं की भरपूर स्वाध्याय. डिप्लोमाला किंवा बीएस्सीला सी आहेच आणि इंग्रजीची थोडी धास्ती आहे, अशा विद्यार्थ्याला मी आजही हेच सुचवीन. फक्त नवी आवृत्ती घ्या. याच पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांत पूर्णांक दोन बाइटचा आहे. नव्या आवृत्त्या आजच्या कंपायलरला धरून आहेत. यातल्या स्वाध्यायांची उत्तरं 'लेट अस सी सोल्युशन्स' या वेगळ्या पुस्तकात मिळतात. दोन्ही एकदम घेऊ नका. उत्तरं हाताशी असली की स्वाध्यायाला कोण बसतं?

कोणी सीनिअर तुम्हाला सांगेल की खरं पुस्तक एकच, कर्निगन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज'. १९७८ चं हे पुस्तक, १९८८ ची दुसरी आवृत्ती, पानं तीनशेच्या आत. रिची यांनी ही भाषाच घडवली, त्यामुळे पुस्तकाच्या अधिकाराबद्दल वाद नाही. पण हे नवशिक्यांसाठी नाही, व्हेरिएबल वगैरे प्राथमिक कल्पना वाचकाला माहीत आहेत असं धरून चाललो आहोत, हे लेखकांनीच प्रस्तावनेत सांगून ठेवलंय. प्रस्तावना कोणी वाचत नाही, म्हणून हा सल्ला वर्षानुवर्षं चालू आहे. दुसरं पुस्तक म्हणून त्याला तोड नाही. बालगुरुसामींचं 'प्रोग्रामिंग इन अ‍ॅन्सी सी' अभ्यासक्रमाच्या क्रमाने जातं, परीक्षेला बरं पडतं. मला ते कोरडं वाटतं. आणि 'कम्प्लीट रेफरन्स' नावाची हजारेक पानांची पुस्तकं आहेत, ती अडलेलं शोधायला ठेवायची असतात. पहिल्या पानापासून वाचायला घेतलीत तर तिसऱ्या प्रकरणात झोप येईल. सेमिस्टरवार प्रश्नोत्तरांची पुस्तकं परीक्षेच्या आदल्या महिन्यात खुशाल वापरा. त्यांतून पास होता येतं. प्रोग्राम लिहिता येईलच असं नाही.

हे झालं ज्यांना सी घ्यावंच लागतं त्यांच्याबद्दल. नववी-दहावीतली मुलगी सुट्टीत शिकतेय, किंवा कॉमर्सचा पदवीधर हौसेने बघतोय, अशांनी पायथन घ्यावं. सुरुवात विकतच्या पुस्तकाने करायचीही गरज नाही. एनसीईआरटीचं अकरावीचं कॉम्प्युटर सायन्सचं पुस्तक संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. आपल्या बोर्डाचं नाही म्हणून इकडे त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही, पण नवशिक्यासाठी इतकं शिस्तीचं पुस्तक थोडंच असेल. पहिली तीन प्रकरणं कॉम्प्युटरची माहिती, संख्यापद्धती आणि नवं तंत्रज्ञान यांवर आहेत, ती सोडली तरी चालतील. चौथ्या प्रकरणात भाषा नाहीच. प्रश्न कसा फोडायचा, फ्लोचार्ट कसा काढायचा, एवढंच आहे. ते टाळू नका. पाचव्यापासून पायथन.

फुकट आणि कायदेशीर पुस्तकं आणखीही आहेत. स्वरूप सी. एच. या भारतीय लेखकाचं 'अ बाइट ऑफ पायथन' लहानसं आहे. अ‍ॅलन डाउनी यांचं 'थिंक पायथन' थोडं गंभीर, पण विचार करायला लावणारं. धानाच्या मिलमध्ये हिशेब बघणाऱ्याला, सेतू केंद्र चालवणाऱ्याला किंवा शाळेच्या याद्या एक्सेलमध्ये भरणाऱ्या शिक्षकाला मी अल स्वाइगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन' सुचवतो. त्याच्या पहिल्या भागात भाषा शिकवली आहे. दुसऱ्या भागात फायलींची नावं एकदम बदलणं, एक्सेलची शीट वाचणं, पीडीएफमधून मजकूर काढणं अशी रोजची कामं आहेत. ऑनलाइन ते फुकट वाचता येतं. छापील आणि भरपूर सरावाचं हवं असेल तर एरिक मॅथिस यांचं 'पायथन क्रॅश कोर्स', तिसरी आवृत्ती, २०२३ ची. किंमत जरा जास्त आहे, पण अर्धं पुस्तक प्रत्यक्ष प्रकल्पांचं आहे: एक खेळ, आकड्यांचे आलेख, एक छोटं वेब अ‍ॅप.

आता इंग्रजीचं. आपल्या जिल्ह्यात घरी पोवारी, हिंदी, छत्तीसगढी किंवा गोंडी, शाळेत मराठी, आणि पुस्तक इंग्रजी, असं कित्येकांचं असतं. सालेकसा किंवा देवरीकडच्या मुलांना शहरातलं कोणी "इंग्रजी सुधार, मग कोडिंग कर" असं सांगतं, ते मला पटत नाही. प्रोग्रामिंगला लागणारं इंग्रजी कादंबरीच्या इंग्रजीपेक्षा फार थोडं आहे. अ‍ॅन्सी सीमध्ये राखीव शब्द ३२, आजच्या पायथनमध्ये ३५. त्यांच्या भोवतीची वाक्यंही त्याच त्या साच्याची. म्हणून पुस्तकाच्या इंग्रजीची परीक्षा अशी करा: दुसऱ्या प्रकरणाचं एक पान मोठ्याने वाचा आणि लेखक काय करायला सांगतोय ते घरच्या भाषेत कोणाला तरी सांगून बघा. एखाददुसरा शब्द अडला तर हरकत नाही. लेखक सांगतोय काय तेच कळलं नाही, तर पुस्तक कितीही नावाजलेलं असो, ते आत्ता तुमच्यासाठी नाही.

मराठीतून आधार हवा असेल तर आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे. सी, सी प्लस प्लस, पायथन अशा विषयांचे दहा-दहा मिनिटांच्या आसपासचे धडे मराठी आवाजात, फुकट. धडा थांबवायचा, तेच आपल्या मशीनवर करायचं, पुढे जायचं, अशी त्याची पद्धत आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची मराठी पुस्तकं एआयसीटीईच्या 'ई-कुंभ' पोर्टलवर आहेत, तीही मोफत. तरी टेबलावरचं मुख्य पुस्तक इंग्रजीच असावं असं माझं मत आहे. चूक झाली की मशीन इंग्रजीतच ओरडणार, आणि ते ओरडणं वाचायची सवय पहिल्या आठवड्यापासून लागलेली बरी. कानाला मराठी आणि डोळ्यासमोर इंग्रजी, अशी जोडी जमते.

पुस्तक हातात घेऊन पारखायचं असेल तर पहिलं प्रकरण वाचू नका. पहिलं प्रकरण सगळ्यांचंच छान असतं: कॉम्प्युटरचा इतिहास, भाषेचा जन्म, 'हॅलो वर्ल्ड'. लूपचं प्रकरण उघडा. नवशिक्याची पहिली खरी दमछाक तिथेच होते आणि लेखकाची कसोटीही तिथेच लागते. 'फॉर' कसा लिहायचा याचा साचा देऊन लेखक लगेच तारकांचे त्रिकोण काढायला लागला, तर तो घाईत आहे. चांगला लेखक आधी काम देतो: पन्नास कट्ट्यांची वजनं एकामागून एक घ्यायची आणि बेरीज करायची. लूप नसता तर किती ओळी लिहाव्या लागल्या असत्या ते दाखवतो. मग लूप लिहितो, आणि खाली छोटा तक्ता देतो: पहिल्या फेरीत मोजणी १, वजन ४१, बेरीज ४१, दुसऱ्या फेरीत मोजणी २, वजन ३९, बेरीज ८०. असा फेरीगणिक तक्ता ज्या पुस्तकात सापडेल ते निम्मं पास. प्रोग्रामखाली त्याचं आउटपुट छापलंय का ते बघा. लेखक मुद्दाम चुकीचा प्रोग्राम देऊन काय बिघडतं ते दाखवतो का, तेही बघा. स्वाध्यायांत पहिला प्रश्न पाच मिनिटांत सुटणारा आणि शेवटचा संध्याकाळ खाणारा हवा. सगळे सोपे असतील तर पुस्तक तुमची खुशामत करतंय. सगळेच अवघड असतील तर ते दुसऱ्या कोणासाठी लिहिलंय.

पायथनच्या पुस्तकाला आणखी एक चाचणी लावा. वापरणाऱ्याकडून आकडा घ्यायचा प्रोग्राम शोधा. पायथन ३ मध्ये कीबोर्डवरून आलेला '५०' हा आकडा नसतो, अक्षरांची जोडी असते. कट्टे किती, असं विचारून आलेल्या उत्तराला थेट ४० ने गुणलं तर २,००० येत नाहीत. पन्नास-पन्नास-पन्नास असं चाळीस वेळा एका ओळीत छापून येतं. नवा माणूस इथे हमखास घाबरतो. ज्या पुस्तकात ही गंमत आधीच दाखवून 'इंट' लावायला सांगितलं आहे, त्याच्या लेखकाने खरोखर नवशिक्यांना शिकवलेलं आहे.

हे सगळं करायला पुस्तक हातात तर आलं पाहिजे. गोंदियाच्या दुकानांत अभ्यासक्रमातली पुस्तकं लगेच मिळतात, बाकीची बऱ्याचदा मागवावी लागतात, आणि मागवलेलं पुस्तक परत कसं करायचं असा संकोच होतो. म्हणून आधी लायब्ररी. तुमच्या कॉलेजात असेल तर आठवडाभर घरी आणा, दोन प्रकरणं करून बघा, मग विकत घ्यायचं ठरवा. सार्वजनिक वाचनालयांत बहुतेक कप्पे पोलीस भरती, तलाठी आणि एमपीएससीच्या पुस्तकांनी भरलेले असतात, कारण वाचक तेच मागतात. तुम्हीही मागा; ग्रंथपालाकडे मागणी लिहून द्या, सोबत आवृत्तीचं साल लिहा. नागपूरला जाणं झालं तर बर्डीवर जुनी पुस्तकं चाळता येतात. तिथे वर सांगितलेल्या खुणा विसरू नका, कारण तिथे स्वस्त मिळणारं सगळ्यात जास्त तेच डॉसचं असतं. ऑनलाइन घेणार असाल तर नमुना पानं बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

झेरॉक्स काढून बांधलेल्या प्रती घेऊ नका, हे नीतीपेक्षाही व्यवहाराचं सांगतो. फिकट छपाईत '१' चा इंग्रजी आकडा आणि 'एल' हे अक्षर सारखंच दिसतं, अर्धविराम गायब होतो, आणि पायथनमध्ये ज्या मोकळ्या जागेवर सगळा अर्थ अवलंबून असतो तीच पानाच्या बांधणीत जाते. चूक तुमची की झेरॉक्सची, हे नवशिक्याला कसं कळणार? फिरत्या पीडीएफमधून कोड कॉपी करतानाही असंच होतं: सरळ अवतरणचिन्हं वाकडी होऊन येतात आणि कंपायलर अडून बसतो. तसाही कोड कॉपी करूच नये, हाताने टाइप करावा.

घरी कॉम्प्युटर नाही म्हणून थांबायचं कारण नाही. अँड्रॉइड फोनवर 'पायड्रॉइड ३' टाकलं की इंटरनेट नसतानाही पायथन चालतं, म्हणजे अर्जुनी मोरगावच्या आडबाजूला नेटवर्क गेलं तरी सराव बंद पडत नाही. फोनच्या कीबोर्डवर कंस आणि चिन्हं शोधताना जीव मेटाकुटीला येतो, त्यावर उपाय म्हणजे एक ओटीजी केबल आणि साधा यूएसबी कीबोर्ड. दोन्ही मिळून काही शेकड्यांचा खर्च. फोनवर शिकणार असाल तर पुस्तक शक्यतो छापील घ्या, नाहीतर त्याच स्क्रीनवर पुस्तक आणि त्याच स्क्रीनवर कोड असा सारखा लपंडाव होतो.

'एकवीस दिवसांत', 'चोवीस तासांत' अशा नावांची पुस्तकं दिसतील. गूगलमध्ये काम केलेल्या पीटर नॉर्व्हिग यांनी त्यांना उत्तर म्हणून एक निबंध लिहिला, त्याच्या नावातच प्रोग्रामिंग शिकायला दहा वर्षं दिली आहेत. त्यातली काही पुस्तकं आतून बरी असतात. पण शीर्षकातला आकडा मनावर घेणारा बाविसाव्या दिवशी निराश होतो.

पुस्तक एकच घ्या आणि लूप, फंक्शन, अ‍ॅरे एवढं तरी त्यातूनच पूर्ण करा. एखादी गोष्ट, सीमध्ये बहुधा पॉइंटर, तीनदा वाचूनही डोक्यात शिरली नाही तर पुस्तक बदलू नका. तेवढंच प्रकरण लायब्ररीतल्या दुसऱ्या पुस्तकातून वाचा आणि परत या. दुसरं पुस्तक विकत घ्यायची वेळ कधी आली ते असं ओळखा: पुस्तकात कुठेही नसलेला, तुमच्या घरच्या कामाचा एक प्रोग्राम तुम्ही न बघता लिहिला पाहिजे. डेअरीला घातलेल्या दुधाचं फॅटनुसार महिन्याचं बिल काढा. किंवा उन्हाळ्यात घरचे तेंदूपत्ता तोडत असतील तर त्याचा हिशेब: ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, रोज किती पुडे झाले ते टाकायचं आणि हंगामाअखेर गोण्या किती व मजुरी किती ते काढायचं. तो चालला, आणि घरच्यांच्या वहीतल्या आकड्याशी जुळला, की सीवाल्यांनी कर्निगन-रिची मागवावं आणि पायथनवाल्यांनी 'क्रॅश कोर्स'चा प्रकल्पांचा भाग उघडावा.